ओसरीवरून : लपविलेली डबी

गेले चार महिने ह्या जागीं आमचा मजकूर आला नाहीं, ह्याबद्दल वाचकांपैकीं तिघांनीं चौकशीचें आणि एकानें समाधान व्यक्त करणारें पत्र पाठविल्याचें संपादकांनीं कळविलें आहे. चौघांचेही आम्ही आभारी आहों. खंड पडण्याचें कारण एवढेंच कीं, आमचे चिरंजीव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन संस्थानांत पोर्टलंड शहरानजीक राहतात; त्यांच्या आग्रहावरून २०२५ च्या मे महिन्यांत आम्हीं वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं प्रथमच समुद्र ओलांडला, आणि पावसाळा सरतां सरतां पुण्यास परत आलों. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. तेथील रस्ते रुंद आहेत, दुकानें मोठीं आहेत आणि ओळखदेख नसतांही माणसें हंसून बोलतात, हें वाचकांस आपापल्या मुलानातवंडांकडून कळलेंच असेल. ज्या एका खेळानें तेथें आमचे दिवस गेले, त्याबद्दल मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

घरांत आमची एकुलती एक नात, वय वर्षें अकरा. तिचें मराठी आणि आमचें इंग्रजी ह्यांची योग्यता साधारण सारखीच. ‘होय आजोबा’ आणि ‘नको आजोबा’ ह्या दोन वाक्यांवर पहिले पंधरा दिवस निघाले. जन्मभर वर्गांतलीं पोरें वळविलेल्या मनुष्यास आपल्याच नातीशीं काय बोलावें हें सुचूं नये, ह्याचें वैषम्य वाटत होतें. पण तें बोलून दाखवावें कोणापाशीं? अशा स्थितींत एका शनिवारीं सकाळीं बापलेक पायांत बूट चढवून निघालीं, आणि चिरंजीव सहज म्हणाले, “आम्ही कॅश शोधायला निघालों आहों. येतां का?”

सौ. स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाली, “अगबाई! इथें रोकड रस्त्यावर पडलेली असते?”

ह्या खेळाचें नांव जिओकॅशिंग. रोकडीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं; लपविणें ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून निघालेला हा ‘कॅश’ शब्द निराळा. आम्ही आपल्या सोयीसाठीं त्यास ‘ठेवा’ म्हणूं. कोणीएक मनुष्य एक डबी कोठें तरी लपवितो, तींत एक लहानशी वही घालतो, आणि त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जगजाहीर करितो. दुसरा कोणी ते आंकडे आपल्या फोनमध्यें घालून तेथें जातो, डबी हुडकतो, वहींत नांव व तारीख लिहितो, आणि डबी होती तशी ठेवून परत येतो. कांहीं मोठ्या डब्यांत खेळणीं, नाणीं, मणी असल्या क्षुल्लक वस्तु असतात. त्यांतली एक घ्यावी, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवावी. बस्स, एवढाच खेळ. जगांत आज तीस लाखांहून अधिक ठेवे अशा रीतीनें दडविलेले आहेत, आणि ते ठेवणारे व शोधणारे बहुधा एकमेकांस जन्मांत भेटत नाहींत.

ज्या दिवशीं हा खेळ शक्य झाला तो दिवस नक्की सांगतां येतो. अमेरिकेच्या संरक्षणखात्याचे जे उपग्रह आपणांस आपलें स्थान कळवितात, त्यांच्या संदेशांत सामान्य जनांसाठीं मुद्दाम चूक मिसळलेली असे. तीमुळें स्थळ शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं ही मिसळ बंद करण्याचें जाहीर केलें आणि त्याच रात्रीं ती बंद झाली. ३ मे रोजीं डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ह्याच ओरेगनमध्यें, पोर्टलंडच्या आग्नेयेस बीव्हरक्रीक गांवाजवळच्या झाडींत एक बादली अर्धवट पुरून ठेविली, आणि तिचें स्थान आपल्यासारख्याच हौशी मंडळींस कळविलें. तींत पुस्तकें होतीं, एक गलोल होती, आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबाही होता! तीन दिवसांच्या आंत माइक टीग नांवाच्या दुसऱ्या गृहस्थानें ती हुडकली. त्या डब्याचें नांव खेळाच्या इतिहासांत अजून आदरानें घेतात. वस्तूचें भाग्य कोठें उदयास येईल, कांहीं सांगतां येत नाहीं.

कल्पना अगदींच नवी होती असें मात्र नाहीं. इंग्लंडांत डार्टमूरच्या ओसाड माळावर क्रॅनमिअर पूल म्हणून एक दुर्गम जागा आहे. जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ मध्यें तेथें एक बाटली ठेविली. एवढी पायपीट करून येणाऱ्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें. त्यांतूनच तिकडे ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद निघाला. आमच्याकडे यात्रेकरू पंड्याच्या वहींत पूर्वजांचीं नांवें शोधतो आणि खालीं आपलें लिहितो, त्यांतला आनंद ह्याहून फार निराळा नसावा.

आतां आमच्या पहिल्या शनिवाराची गोष्ट. शाळेंत भूगोल शिकवितांना अक्षांश म्हणजे नकाशावरील आडव्या रेघा, ह्यापलीकडे आम्हीं कधीं विचार केला नव्हता. ह्या खेळांत स्थळ अंश, कला आणि कलेचे सहस्रांश अशा रीतीनें देतात. अंशाचा साठावा भाग ती कला. उत्तर-दक्षिण एक कला म्हणजे सुमारें १,८५२ मीटर. तिचा सहस्रांश म्हणजे दोन मीटरही नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर बोट ठेवून ‘येथें, ह्या पाटाखालीं’ म्हणण्याइतकें हें नेमकें झालें! परंतु फोन स्वतःच पांचसात मीटरांनीं चुकतो. म्हणून विज्ञान मनुष्यास झाडाच्या बुंध्यापाशीं आणून सोडतें, आणि तेथून पुढें डोळे, हात व धीर ह्यांचें काम सुरू होतें.

आम्ही तिघें त्या झाडापाशीं पाऊण तास होतों. नातीनें ढोलींत हात घातला, चिरंजीवांनीं पालापाचोळा उपसला. आमच्याकडे पहाऱ्याचें काम होतें. खेळ न जाणणाऱ्या येणाऱ्याजाणाऱ्यांस ही मंडळी ‘मगल’ म्हणतात. शब्द हॅरी पॉटरच्या कथांतला. मगलाच्या देखत डबी काढावयाची नाहीं, कारण तो कुतूहलानें ती उचलून नेतो. सबब आम्ही बांकावर वर्तमानपत्र उघडून बसलों, आणि कोणी दिसलें कीं खोकावयाचें असें ठरलें. त्या पाऊण तासांत आम्हांस इतक्यांदां खोकावें लागलें कीं, एका सभ्य बाईनें थांबून प्रकृतीची विचारपूस केली. शेवटीं डबी सांपडली ती कोठें? ज्या बांकावर आम्ही बसलों होतों त्याच्याच खालीं, लोहचुंबकानें चिकटविलेली. नात त्या दिवशीं प्रथमच आमच्याकडे पाहून मोकळेपणीं हंसली. वहींत आम्हीं देवनागरींत सही केली.

पुढें दर शनिवार-रविवारीं हा क्रम चालूं झाला, आणि ठेव्यांचे किती प्रकार असूं शकतात तें हळूहळू कळूं लागलें. कांहीं ठेवे सरळ असतात. आंकड्यांवर जा आणि शोध. कांहींत एक डबी दुसरीचा पत्ता सांगते, दुसरी तिसरीचा. डबी पोकळ दगडांत असते, खोट्या बोल्टांत असते, पक्ष्याच्या घरट्यांत असते. प्रत्येकीस दोन आंकडे दिलेले असतात: बुद्धीची अडचण १ ते ५, आणि वाटेची अडचण १ ते ५. वाटेचा १ म्हणजे चाकांच्या खुर्चींतूनही जातां यावें. ५ म्हणजे होडी किंवा दोर पाहिजे. आमचे गुडघे दोनापर्यंत राजी होते. खणून पुरावयाचें नाहीं, जागेच्या मालकाची संमति पाहिजे, दोन डब्यांत १६१ मीटरांचें अंतर पाहिजे, असे नियमही आहेत. आपल्याकडे कोणीं हा उद्योग आरंभिला तर संमतीचा नियम कसोशीनें पाळावा. जेथें स्टेशनावर बेवारस वस्तूस हात न लावण्याची सूचना कानीं पडते, तेथें झुडुपांत डबी ठेवणाराची पहिली भेट पोलिसांशींच व्हावयाची. कांहीं ठेव्यांत क्रमांक कोरलेला एक बिल्ला असतो. तो एका डबींतून दुसरींत, ह्या खंडांतून त्या खंडांत हिंडत राहतो. तसलाच एक क्रमांक फेब्रुवारी २०२१ मध्यें मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीच्या एका उपकरणाबरोबर त्या ग्रहावर गेला आहे.

परंतु आमचें मन रमलें तें कूटांत. ह्या प्रकारांत जाहीर केलेले आंकडे खोटे असतात; खरे आंकडे कोड्याच्या पोटांत दडलेले. सुडोकू, आंधळ्यांची ब्रेल लिपि, संगीताचे स्वर, तुकडे जुळवावयाचें चित्र, कशांतही ते असूं शकतात. साध्या ठेव्यासही एक इशारा असतो, आणि तो चुकून डोळ्यांपुढें येऊं नये म्हणून अक्षरें बदलून लिहितात. रोमन वर्णमालेचीं सव्वीस अक्षरें. त्यांच्या तेरा-तेराच्या दोन ओळी कराव्या. वरच्या अक्षराच्या जागीं खालचें आणि खालच्याच्या जागीं वरचें लिहावें. गंमत ही कीं, ज्या किल्लीनें कुलूप लागतें तिनेंच तें उघडतें. चिरंजीव हें आम्हांस समजावूं लागले, तेव्हां आम्हांस थोडें हंसूं आलें. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका ही एक कला आहे आणि म्लेच्छितविकल्प, म्हणजे गुप्तलेखन, ही दुसरी. तेराव्या शतकांतील टीकाकार यशोधर ह्या दुसरीचें विवरण करतांना मूलदेवीय नांवाची एक लिपि सांगतो. तींत वर्णांच्या जोड्या लाविलेल्या आहेत. ख च्या जागीं ग आणि ग च्या जागीं ख, त च्या जागीं प, न च्या जागीं म, ह्याप्रमाणें. तीच किल्ली, तेंच कुलूप. ह्यावरून आमच्या पूर्वजांनीं जिओकॅशिंगचा शोध लाविला होता असें आमचें म्हणणें नाहीं. अशा म्हणण्यांचा आम्हांस कंटाळा आहे. मनुष्याची गुपित करण्याची हौस जुनी आहे, एवढेंच.

कूटें सारींच चांगलीं असतात असेंही नाहीं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कांहीं परीक्षकांस विद्यार्थी पडण्यांतच पुरुषार्थ वाटतो, तसे हे कांहीं कूटकार. प्रश्नापासून उत्तराकडे जाणारी वाट फक्त त्यांच्याच डोक्यांत असते. अशा एका कूटावर चिरंजीवांनीं ऑफिस सांभाळून चार रात्री जागविल्या. उत्तर निघालें, आणि मोठ्या उत्सुकतेनें आम्ही त्या स्थळीं गेलों, तों एका दुकानासमोरील मोटारतळावरचा दिव्याचा खांब. त्याच्या बुडाशीं पत्र्याचें झांकण, आणि झांकणाखालीं औषधाच्या गोळ्यांची जुनी बाटली! एवढा यज्ञ आणि प्रसाद हा. उलट एका कूटांत केवळ एका जुन्या दगडी पुलावरचे आंकडे वाचून बेरीज करावयाची होती. कूट तिसरीच्या मुलानें सोडवावें असें, पण त्या निमित्तानें पूल पाहावयास मिळाला, आणि संध्याकाळभर आम्ही तेथें बसून राहिलों. आमच्या मतें दुसऱ्याची योग्यता मोठी.

येथवर सगळें आनंदाचें झालें. आतां आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगणें भाग आहे.

जूनअखेर नातीनें एक कूट स्वतःच्या अंगावर घेतलें. त्यांत मजकूर कांहींच नव्हता; एका लांकडी कुंपणाचें चित्र तेवढें होतें. कांहीं पट्ट्या लांब, कांहीं आंखूड; पांच पट्ट्या झाल्या कीं फट. तिनें तें वहींत काढून घेतलें होतें. लांब पट्ट्या मोजल्या, आंखूड मोजल्या, बेरजा करून पाहिल्या, खाडाखोड केली. तीन दिवस ती जेवतांनाही त्या वहीकडे पाहत होती. चौथ्या दिवशीं मोटारींत ती वही आमच्या मांडीवर आली. लघु-गुरूंची संवय असलेला आमचा डोळा. पांच-पांचांचे गण पाहतांच आम्ही थबकलों. आमचे तीर्थरूप तारमास्तर होते. आपल्याकडील तारखातें जुलै २०१३ मध्यें बंद झालें, परंतु त्या यंत्राची कटकट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालों. आंखूड तो बिंदु, लांब ती रेघ. पांच बिंदु म्हणजे पांच, पांच रेघा म्हणजे शून्य, एक बिंदु व चार रेघा म्हणजे एक. “अगं, ही तर तारेची लिपि!” आम्ही ओरडलों, आणि एका दमांत सगळे आंकडे वाचून दाखविले. चिरंजीवांनीं वाहवा केली. नात कांहीं बोलली नाहीं.

डबी सांपडली. वही पुढें केली तेव्हां ती म्हणाली, “तुम्हीच लिहा, आजोबा. तुम्हांला सांपडली.”

त्यांत राग नव्हता. राग असता तर समजूत घालतां आली असती. परततांना ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि आम्हांस आमच्या वर्गांतल्या शेवटच्या बांकावरचीं किती तरी तोंडें आठवत होतीं; ज्यांचीं उत्तरें अगदीं ओठांशीं आलेलीं असतांना आम्हींच फळ्यावर लिहून टाकलीं असतील, तीं. त्या वेळीं तास संपत आलेला असे, पोर्शन पुरा करावयाचा असे. येथें कोणता पोर्शन पुरा करावयाचा होता?

पुढचे दोन शनिवार आम्हीं गुडघ्याचें निमित्त सांगितलें. तिसऱ्या शनिवारीं सूनबाईंनीं सर्वांसच कोलंबिया नदीच्या घळींत नेलें. ठेव्यांत एक प्रकार असा आहे कीं, त्यांत डबीच नसते. अमेरिकेच्या भूविज्ञानसंस्थेच्या पुढाकारानें २००४ मध्यें तो सुरू झाला. एखाद्या भूप्रदेशाशीं जाऊन तेथील खडकांविषयीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें पाहून पाठवावयाचीं. मल्टनोमा नांवाचा १८९ मीटर उंचीचा धबधबा तेथें आहे. त्याच्या कड्याकडे पाहिलें मात्र, सौ. उद्गारली, “हा तर आपला वरंधा!” तोच काळा पाषाण, तेच एकावर एक बसलेले थर. कोलंबियाचे हे थर लाव्हारसाचे, सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वींचे. सह्याद्रीचेही लाव्हारसाचेच, पण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. नात प्रश्नपत्रिका घेऊन उभी होती. ‘थर किती दिसतात?’ असा प्रश्न होता. आम्हीं मोजले होते. आम्ही गप्प राहिलों. तिनें मोजले, पुन्हां मोजले, आणि मग आपण होऊन विचारलें, “आजोबा, तुमचे थर जुने का आमचे?” आम्ही म्हणालों, “तूं काढ शोधून.” त्या रात्रीं जेवतांना तिनें वर्षांचे आंकडे आजीस मराठींत सांगितले.

मग आम्हीं ठरविलें कीं, तिच्यासाठीं एक कूट रचावयाचें आणि तोंड शिवून बसावयाचें.

संस्कृतांत कटपयादि म्हणून अंक अक्षरांनीं लिहिण्याची एक पद्धति आहे. केरळांतील ज्योतिष्यांनीं ती विशेष वापरली, आणि कर्नाटक संगीतांतील बहात्तर मेळांचे क्रमांक त्यांच्या नांवांतच तिनें गोंवलेले आहेत. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हां १ ते ९ आणि न शून्य. प पासून म पर्यंत १ ते ५. य पासून ह पर्यंत १ ते ८. नुसता स्वर शून्य. जोडाक्षरांत शेवटचें व्यंजन मोजावयाचें. आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे. ही किल्ली आम्हीं तिला दिली नाहीं. एका कागदावर एवढेंच लिहिलें: शिव ४५, नात ६०, बाबा ३३, आजी ८०, आजोबा ३८०. खालीं जोडाक्षराचा नियम. सौ. नें तो कागद वाचून आम्हांस विचारलें, “मी ऐशीची झालें?” सूनबाईंनीं आपला अंक विचारला नाहीं, हें बरें झालें, ‘आई’ ह्या शब्दाचा अंक काय होतो तें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

कूट कोठलें द्यावें ह्याचा विचार करतांना ती पहिली बादली आठवली. बीव्हरक्रीकची ती जागा चिरंजीवांच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. तिचें स्थान उत्तर ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम १२२ अंश २४.८०० कला. उत्तरेचा ४५ म्हणजे ‘शिव’ आधींच झाला होता. बाकीचे अंक अक्षरांत बसवितांना आम्हांस रात्रीचे दोन वाजले. १७४६० उलटा लिहिला: शून्य, सहा, चार, सात, एक. अ, ती, व, सौ, म्य. ‘अतीव सौम्य’! २४८०० उलटा: शून्य, शून्य, आठ, चार, दोन. आ, न, न्द, भ, र. ‘आनन्दभर’! आम्ही खुर्चीवरून उठून खोलींत दोन येरझारा घातल्या. ह्यांत आमची चतुराई नाहीं. अंकच तसे पडले होते. १२२ साठीं मात्र शब्द सुचेना, ती जागा कोरी ठेविली आणि समोर १२२ लिहिलें.

चार दिवस तिनें घेतले. घरांत वर्णमालेचा एक तक्ता होता, सूनबाईंनीं दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून आणलेला. तो कपाटामागें गेला होता. दुसऱ्या दिवशीं तो तिच्या पलंगावर दिसला. तिसऱ्या दिवशीं ती ‘क ख ग घ’ बोटांवर मोजीत जिना उतरत होती आणि मध्येंच थांबून म्हणाली, “ज आठवा आहे!” आम्हीं तोंडांत सुपारी धरली. प्रसंगीं सौ. आमच्याकडे डोळे वटारून पाही. चौथ्या दिवशीं सायंकाळीं कागद आमच्यापुढें आला. अंक सगळे बरोबर होते, आणि कोऱ्या जागीं वेड्यावांकड्या अक्षरांत एक शब्द लिहिलेला होता: ‘फिरकी’. आम्हीं मोजून पाहिलें. फि दोन, र दोन, की एक. सौ. नें तिच्यासाठीं पुण्याहून लांकडी फिरकी नेली होती. ती मेजावर होती, तेथून शब्द सांपडला. आम्हांस रात्रभर सुचला नाहीं तो.

रविवारीं आम्ही पांचही जण बीव्हरक्रीकला गेलों. रस्त्याच्या कडेस झाडी, तींत दगडावर बसविलेली एक धातूची पाटी. २००३ मध्यें ती तेथें लागली. जागा म्हणाल तर अगदीं साधी. तेथील ठेवा नातीनें हुडकला. मग पाटीपाशीं उभी राहून तिनें विचारलें, “तुम्हांला ही जागा आधींपासून ठाऊक होती?”

“होती.”

“चार दिवस?”

“चार दिवस.”

ती कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिली. मग वही उघडून तिनें देवनागरींत आपलें नांव लिहिलें, खालीं आमचें लिहिलें, आणि आमच्या नांवांतला ऱ्हस्व इकार दीर्घ केला. आम्हीं तोही तसाच राहूं दिला.

परत आल्यास आतां तीन आठवडे झाले. गेल्या मंगळवारीं टपालानें तिचें एक कार्ड आलें. आंत खुशाली नाहीं, नमस्कार नाहीं; मोठ्या अक्षरांत चार शब्द तेवढे: दीप, पाल, डास, पाणी. सौ. च्या पोटांत धस्स झालें. “अहो, दिवे गेले वाटतं त्यांच्याकडे. घरांत पाणी शिरलं. डास झाले, पालीसुद्धां! फोन लावा आधीं.” आम्हींही फोन हातीं घेतला होता; पण अमेरिकेंत पाल कोठून आली, असें मनांत येऊन थबकलों, आणि पेन्सिल घेतली. दी आठ, प एक: १८. पा एक, ल तीन: ३१. डा तीन, स सात: ७३. पा एक, णी पांच: ५१. उत्तर १८ अंश ३१ कला, पूर्व ७३ अंश ५१ कला. वाचकांनीं नकाशा उघडून पाहावा. आमच्या पेठेच्या आसपासच बोट पडेल. कलेचे सहस्रांश तिनें दिले नाहींत, त्यामुळें घर कांहीं नेमकें दाखवितां यावयाचें नाहीं, एका कलेंत येथें पेठाच्या पेठा मावतात. पण पत्ता बरोबर आहे.

आम्हीं हें सौ. स समजावून सांगितलें. तिनें कार्ड हातीं घेतलें, बोटांवर बराच वेळ कांहींतरी मोजलें, आणि मग म्हणाली, “उत्तर धाडाल तेव्हां शेवटचा शब्द तेवढा बदला. ‘पाणी’ कशाला? त्या जागीं ‘येणें’ बसतं.”

आम्हीं मोजून पाहिलें. ये एक, णें पांच.